वजन घटवण्याआधी भूक समजून घ्या

१९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत ३६ तरुण दाखल झाले. युद्धात शस्त्र हाती घ्यायला त्यांनी नकार दिला होता आणि त्याऐवजी उपासमारीवरच्या एका प्रयोगासाठी ते स्वखुशीने पुढे आले होते. युरोपात लाखो माणसांची अन्नान्न दशा झाली होती. युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणायचे, हे अ‍ॅन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला शोधायचे होते. पहिले तीन महिने या तरुणांना पोटभर जेवण मिळाले. पुढचे सहा महिने आहार जवळपास निम्म्यावर आणला गेला. दिवसातून दोनदा जेवण, त्यात बटाटे, सलगमसारखे कंद, काळा पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे. सहा महिन्यांच्या शेवटी त्यांचे वजन सरासरी एकचतुर्थांशाने उतरले होते.

वजन उतरणार हे ठरलेलेच होते. पण त्याबरोबर जे घडत गेले ते आजही प्रत्येक घराने वाचावे असे आहे. विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते ती जवळपास ४० टक्क्यांनी घटली. नाडी मंदावली, हातपाय गार पडू लागले, उन्हाळ्यातही पांघरूण लागू लागले. आनंदी, बोलकी मुले चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. दिवसभर डोक्यात एकच विषय, अन्न. कुणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला, कुणी एका ताटावर दोन-दोन तास बसून राही, घास चिवडत, पदार्थ एकमेकांत कालवत. शेवटी ताट चाटूनपुसून लख्ख करीत. च्युइंगगम आणि कॉफीचे प्रमाण इतके वाढले की त्यावर बंधने घालावी लागली. काहींना तर आपण खंगलो आहोत असे वाटतच नव्हते, इतर माणसेच लठ्ठ आहेत असे वाटे. पोटभर खायची मोकळीक मिळाल्यावर काहींची भूक भागेचना. पोट तुडुंब भरले तरी ती शमत नव्हती. गमावलेले वजन भरून आले ते आधी चरबीच्या रूपात, स्नायू मागाहून. कीज आणि सहकाऱ्यांनी हा सारा वृत्तांत १९५० साली दोन जाड खंडांत प्रसिद्ध केला.

निवड करताना या तरुणांची शारीरिक आणि मानसिक तपासणी कसून झाली होती. म्हणजे अन्न चिवडणे, लपूनछपून खाणे, दिवसभर खाण्याचाच विचार करणे, चिडणे, माणसांत मिसळणे टाळणे, या ज्या गोष्टींना आपण ‘स्वभाव’, ‘हट्ट’ किंवा ‘नखरे’ म्हणतो, त्यांतल्या कितीतरी गोष्टी निव्वळ उपासमारीने, चांगल्या धडधाकट माणसातही निर्माण होतात. आहारविकार आणि स्थूलता यांबद्दल घरात काहीही ठरवण्याआधी एवढे मनाशी पक्के धरा. अ‍ॅनोरेक्सियात मुलगी खाणे जवळजवळ सोडते, बुलिमियात भरमसाट खाऊन मग उलटी, जुलाबाची औषधे किंवा अतिव्यायाम यांनी ते ‘फेडले’ जाते, आणि बिंज इटिंगमध्ये ताबा सुटून खाल्ले जाते, फेडणे नसते. वरून ही तीन वेगळी माणसे दिसतात. आत मात्र भुकेची तीच यंत्रणा बिघडत असते, आणि स्थूल माणूस जेव्हा पोटाला चिमटा काढून वजन उतरवतो तेव्हा त्याच्याही शरीरात तीच यंत्रणा जागी होते.

याचा पुरावा अलीकडचाही आहे. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूझर’ नावाचा वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा टीव्ही कार्यक्रम होता. त्यातील १४ स्पर्धकांना संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासले आणि निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध केले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ किलो परत आले होते. पण त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी त्यांच्या आकारमानाच्या माणसाकडून अपेक्षित असते त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते, सहा वर्षांनंतरही. पगार कमी झालेले घर पुढे उत्पन्न वाढले तरी हात आखडूनच खर्च करते, तसे. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवले की झपाट्याने वजन उतरवल्यावर भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, तृप्तीचा निरोप देणारे लेप्टिन घटते, आणि वर्षभरानंतरही ही संप्रेरके मूळ पातळीवर आलेली नसतात. डाएट सोडल्यावर वजन परत येते तेव्हा ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून माणसाला टोचणे हे म्हणूनच अन्यायाचे आहे. त्याचे शरीर त्याच्याशी झुंजत असते.

याचा अर्थ लठ्ठपणाकडे दुर्लक्ष करावे असा नाही. आपल्या भागात तर नाहीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच, शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बीएमआयच्या आकड्यात दोघे सारखेच, आतून मात्र फार वेगळे. पुण्याजवळच्या गावांत याज्ञिकांच्या गटाने केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकलेली. बाळाची ही घडण आईच्या पोटात होते, म्हणून आईच्या पोषणाचा संबंध मुलाच्या पुढच्या मधुमेहापर्यंत पोचतो.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची रेषा खाली ओढलेली आहे. २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता. त्याहून उपयोगी कमरेचा घेर. टेप घेऊन सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला असेल तर साखर, रक्तदाब, चरबी आणि यकृत यांची तपासणी करून घ्या. हे माप प्रौढांसाठी आहे आणि वर्षातून एक-दोनदा पुरे. घरात कुणाला आहारविकार असेल तर टेप आणि वजनकाटा दोन्ही कपाटात कुलूपबंद करा.

आता ज्यांना वैद्यकीय कारणासाठी वजन कमी करायचे आहे त्यांच्यासाठी. पहिले पथ्य हे की जेवण चुकवू नका. सकाळी नुसता चहा, दुपारी डब्यातली एक पोळी आणि रात्री घरी आल्यावर दिसेल ते, हा आपल्याकडचा ठरीव क्रम आहे आणि तोच माणसाला रात्री फ्रीजसमोर उभा करतो. दिवसभराची भूक रात्री व्याजासह वसूल होते. न्याहारी, दुपारचे जेवण, संध्याकाळचे खाणे आणि रात्रीचे जेवण यांच्या वेळा ठरवा, मधले अंतर चार तासांहून फारसे जाऊ देऊ नका. ताटात डाळ, उसळ, दही, ताक, अंडी, मासे यांचा वाटा वाढवा. आपल्या ताटात वरण पातळ आणि भाताचा ढीग मोठा असतो. वरण घट्ट करा, वाटी मोठी घ्या. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे स्नायू मुळातच कमी. प्रथिने आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्यानेही सुरुवात होते. नुसते चालणे चांगलेच, पण तेवढ्यावर थांबू नका.

पाकिटातल्या खाण्याबद्दल एक प्रयोग आवर्जून सांगतो. केव्हिन हॉल यांनीच २०१९ साली २० जणांना संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेले, अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचे साधे अन्न दिले. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच. खाणाऱ्याने हवे तेवढे खावे. कारखानी अन्नाच्या दिवसांत माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात गेली आणि वजन सुमारे एक किलोने वाढले. तेव्हा बिस्किटे, वेफर्स, झटपट नूडल्स घरात आणायचीच कमी करा. समोर ठेवून मनावर ताबा ठेवायचा हा मार्ग दमवणारा आहे. भूक लागली की हाताशी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी, उकडलेले अंडे, ज्वारीच्या लाह्या असू द्या. आणि झोप. कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी निम्म्यांना फक्त झोप वाढवायला शिकवले तेव्हा इतरांच्या मानाने त्यांचे खाणे आपोआप दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी घटले, असे २०२२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही ‘फॅट बर्नर’ पावडरीपेक्षा मी या वाढीव झोपेवर अधिक विश्वास ठेवीन.

वजनासाठी दवाखान्यात येणाऱ्यांपैकी काहींना मुळात बिंज इटिंग असते आणि ते कुणी विचारतच नाही. लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाणे म्हणजे बिंज नव्हे. भूक नसताना, भराभर, बहुधा एकट्याने, पोट दुखेपर्यंत खाणे, थांबावेसे वाटूनही थांबता न येणे आणि मग स्वतःची किळस वाटणे. हे तीन महिन्यांहून अधिक काळ आठवड्यातून निदान एकदा होत असेल तर तो आजार आहे. २०१३ पासून मानसरोगांच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे. स्त्रियांना होतो तसा पुरुषांनाही. अशा माणसाला ‘कमी खा’ असा तक्ता हातात देणे म्हणजे पुढच्या बिंजची तयारी करून देणे. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या बोधनात्मक वर्तन उपचारपद्धतीत पहिली पायरी अगदी साधी आहे. काय खावे यापेक्षा केव्हा खावे हे आधी ठरवायचे. तीन जेवणे, दोन-तीन छोटी खाणी, भूक असो वा नसो, वेळ झाली की खायचे. आदल्या रात्री बिंज झाला असला तरी दुसऱ्या दिवशीची न्याहारी चुकवायची नाही. एका वहीत वेळ, पदार्थ आणि त्या क्षणी मनात काय चालले होते एवढेच लिहायचे, कॅलरी नाही. काही आठवड्यांत नमुना दिसू लागतो. ताबा सुटण्याच्या आधी बहुधा एक लांबलेला उपास असतो किंवा एक भांडण.

मुलांच्या बाबतीत तर बोलण्यापासूनच सावध राहायला हवे. ऑस्ट्रेलियात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत कडक डाएट करणाऱ्या किशोरवयीन मुलींमध्ये आहारविकार जडण्याचे प्रमाण डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट आढळले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली लठ्ठपणा आणि आहारविकार या दोन्हींच्या प्रतिबंधासाठी एकत्रित सल्ला दिला तो याच कारणाने. मुलांना डाएटवर घालू नका, त्यांच्या वजनावर बोलू नका, घरातल्या मोठ्यांच्या वजनावरही त्यांच्यासमोर बोलू नका, सगळ्यांनी शक्य तेवढ्या वेळा एकत्र जेवा. आपल्याकडे पाहुण्यांनी दारातच ‘अगं, किती सुटलीस!’ म्हणण्याची रीत आहे. तिच्याहून घातक आहे ते ‘छान बारीक झालीस, काय केलंस सांग ना!’ हे कौतुक. आजारी पडत चाललेल्या मुलीला ते बक्षिसासारखे वाटते. मावशी-काकूंना आधीच फोन करून सांगा, ‘तिच्या अंगकाठीवर काही बोलू नका, अभ्यासाचं, गाण्याचं विचारा.’

उपवासांचेही असेच. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे निरोगी मोठ्या माणसाला सोसतात. पण कालपर्यंत साबुदाण्याच्या खिचडीसाठी उपवास करणारी मुलगी एकाएकी आठवड्याचे तीन वार धरू लागली आणि उपवासाचेही काही खाईना, तर भक्ती वाढली म्हणून समाधान मानू नका. आजारातून सावरणाऱ्याने उपवास धरायचा नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच स्पष्ट सांगावे. आजीने सांगितले तर ते अधिक मानले जाते.

आहारविकारात आणखी काय दिसते? पाळी तीन महिने थांबणे, केस गळणे, अंगावर बारीक लव येणे, ढगळ कपडे, सर्वांसाठी स्वयंपाक करून स्वतः न जेवणे, जेवण झाले की लगेच न्हाणीघरात जाणे, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, गालांजवळ सूज, दातांवरचा थर झिजणे. उलट्या होत असतील तर लगेच दात घासू नयेत, साध्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी. आम्लाने मऊ झालेला थर ब्रशने खरवडला जातो. टाइप १ मधुमेह असलेले मूल वजन घटावे म्हणून इन्सुलिन चुकवत असेल तर ती तातडीची बाब समजा.

एक गैरसमज जीवघेणा ठरतो. तो म्हणजे बारीक दिसत नाही तोवर काळजी नको. नव्वद किलोचा मुलगा चार महिन्यांत पासष्टवर आला तर सगळे टाळ्या वाजवतात. त्याची नाडी, रक्तदाब आणि पोटॅशियम मात्र हाडे दिसणाऱ्या रुग्णाइतकेच बिघडलेले असू शकतात. घरी एवढे करता येते. पाच मिनिटे शांत बसवून मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. जागेपणी ५० च्या खाली असेल, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल, शुद्ध हरपली असेल, छातीत धडधडत असेल किंवा कित्येक दिवस जवळपास काहीच पोटात गेले नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्ताचे अहवाल ठीक आले म्हणून निश्चिंत होऊ नका. गंभीर उपासमारीतही ते बराच काळ ठीक येऊ शकतात. सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर आणि ईसीजी हे मागून घ्या. फॉस्फेट नेहमीच्या तपासणीत बहुधा नसते, ते नाव घेऊनच सांगावे लागते.

फॉस्फेटचा आग्रह का? दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातले, विशेषतः पिष्टमय आणि गोड, तर इन्सुलिन उसळते आणि रक्तातले उरलेसुरले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेते. हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू थकतात. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्या कैद्यांत हे दिसले होते. वाचलेली माणसे अन्न मिळाल्यावर दगावत होती. म्हणून बीएमआय १६ च्या खाली असेल, किंवा तीन-सहा महिन्यांत वजनाचा १५ टक्क्यांहून अधिक भाग गेला असेल, किंवा दहा दिवसांहून अधिक काळ अन्न जवळजवळ नसेल, तर ‘घरी नेऊन तूप-साखर चारू’ असे करू नका. पहिला आठवडा-दहा दिवस रुग्णालयाच्या देखरेखीत, रोज रक्त तपासत, थायामिन हे जीवनसत्त्व आधी सुरू करून आहार वाढवायचा असतो. लांबलचक निर्जळी किंवा फलाहारी व्रत मोडतानाही हा धोका डॉक्टरांना विचारल्याशिवाय पत्करू नका.

तो टप्पा ओलांडला की खरी लढाई घरच्या ताटावर असते. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात घडलेली कुटुंबकेंद्री पद्धत किशोरवयीन मुलांसाठी सर्वांत भक्कम पुराव्याची मानली जाते. सुरुवातीला काय आणि किती वाढायचे ते आईवडील ठरवतात, मूल ठरवत नाही. ताटात तूप घातलेला भात, वाटीभर घट्ट वरण, पोळी, भाजी, दही. मुलगी पोळीचे नखाएवढे तुकडे करील, तूप वाटीच्या कडेला सारील, तुकडा रुमालात लपवील, शेवटी ओरडेल. वाद घालू नका, कॅलरींचा हिशेब देऊ नका, रडू नका. शेजारी बसा आणि हळू आवाजात सांगा, ‘बाळा, तुला भीती वाटतेय, मला दिसतंय. तरी हा घास घ्यायचा आहे. मी इथेच आहे.’ पुन्हा तेच, पुढच्या घासाला पुन्हा तेच. जेवणानंतर तासभर तिच्यासोबत राहा, पत्ते खेळा, काही लावून बघा. आईवडिलांपैकी एक कठोर आणि एक मवाळ असे होऊ देऊ नका, आजार ती फट लगेच शोधतो. मूल ताटावर स्थिर झाले की जबाबदारी थोडी थोडी त्याच्याकडे परत द्यायची.

स्वतःला दोष देत बसू नका. २०१९ साली सुमारे १७ हजार अ‍ॅनोरेक्सिया रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात या आजाराशी निगडित आठ जागा सापडल्या आणि त्याचे नाते मनाइतकेच चयापचयाशीही असल्याचे दिसले. स्थूलतेतही आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

वजन उतरवणाऱ्या औषधांविषयी सध्या सगळीकडे विचारणा होते. सेमाग्लुटाइडच्या २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांनी उतरले. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोनतृतीयांश परत आले. स्थूलतेने खरोखर त्रस्त माणसाला ही औषधे मोठा आधार देतात. मात्र ती भूकच दाबतात. म्हणून लिहून घेण्याआधी डॉक्टरांना आपणहून सांगा: पूर्वी जेवण सोडण्याची, उलट्या काढण्याची किंवा ताबा सुटून खाण्याची सवय होती का. ओळखीच्या माणसाकडून, लग्नाआधी चार किलो उतरवायला म्हणून घेऊ नका.

आहारविकारासाठी डॉक्टरांच्या पहिल्या भेटीला मुलाची लसीकरणाची वही आणि शाळेतल्या वजन-उंचीच्या नोंदी न्या, त्यावरून वाढ कुठे अडली ते कळते. फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ हे तिघे एकमेकांशी बोलणारे असावेत, एवढे बघा. जवळपास कुणीच नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.